काजळ्या आत कसा गेला

सोलापूर, ता. ९ जानेवारी १९२८

तीर्थस्वरूप वेणूदादास यशोदाचा नमस्कार.

तुझ्या दम्याची चौकशी शेवटी करीन. आधी काम.

तुझ्या पुस्तकांतल्या सर्जेराव जासुदाला आमच्या शाळेतल्या एका मुलीने बाई केले आहे.

मुलीचे नाव मायाक्का. मेंढपाळाची मुलगी. बाप धुळाप्पा वारला, आई केराबाई मेंढरांमागे हिंडते. मुलगी आमच्या वसतिगृहात नादारीवर, फी न भरता, राहते आणि सहावीत शिकते. दिवाळीनंतर 'माझा आवडता नायक' हा निबंधाचा विषय होता. बाकीच्या मुलींनी दोन-दोन पाने लिहिली. हिने अख्खी वही भरली. तुझा पहिला भाग, 'निंबगडचा वेढा', जसाच्या तसा घेतला आहे. शत्रूने धरलेली पेठ तीच, वर किल्ल्यात अडकलेली माणसे तीच, त्यांना नऊ दिवसांत लखोटा पोचवायचा तोही तोच. फक्त सर्जेरावाच्या जागी सर्जाक्का आहे.

वहीच्या नकला झाल्या. विणकरांच्या मुलींनी घरी नेऊन तेलुगूत वाचून दाखवल्या. आमच्या शाळा-कमिटीचे चिटणीस चिंतामणराव वकील यांच्या प्रेमलानेही एक नक्कल घरी नेली आणि ती वडिलांच्या हाती पडली. चिंतामणराव तुझे भक्त आहेत. अकराही भाग त्यांच्याकडे कातडी बांधणीत आहेत. चार पाने वाचून त्यांनी ती नक्कल माझ्या टेबलावर आणून टाकली. 'धर्माने जेवणारी मुलगी आमच्या नायकाची थट्टा करते,' असे म्हणाले. रविवार ता. २९ ला कमिटी आहे. तिची नादारी काढून तिला वसतिगृहातून घालवावे, असा त्यांचा ठराव आहे.

तिला घालवले तर ती मेंढरांमागे जाईल. दुसरी शाळा तिला घेणार नाही आणि घेतली तरी राहायचे कुठे?

चिंतामणराव माणूस सरळ आहे. त्यांनी एक कबूल केले: 'खुद्द लेखकाची हरकत नसेल, तर मी कोण? ठराव मागे घेईन.' म्हणून तुला लिहिते. माझ्यासाठी लिही असे म्हणत नाही. तुला काय वाटते ते लिही.

आता दमा. थंडीत पहाटे ओट्यावर बसणे सोडलेस का?

यशोदा

---

माढा, ता. १२ जानेवारी १९२८

चि. यशोदा हीस वेणीमाधवाचे आशीर्वाद.

तुझे पत्र आले की आमचा पोस्टमनसुद्धा ताठ उभा राहतो. ओट्यावर बसणे सोडलेले नाही.

तू मला अडचणीत घातलेस. मुलगी घरी जावी असे मला वाटत नाही. पण माझी हरकत नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. हरकत आहे. सत्तावीस वर्षे मी त्या माणसाबरोबर राहिलो. मामलेदार कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिले आणि संध्याकाळी सर्जेरावाचा घोडा जिनला. त्याच्या खांद्यावरचा व्रण कोणत्या बाजूस आहे हे मी झोपेत सांगेन. बायको गेली त्या वर्षी तोच काय तो घरात बोलत होता. आणि आता 'सर्जाक्का'! नाव ऐकून कोणीतरी ताक विकायला आली असे वाटले.

बायकांनी शौर्य करू नये असे मी म्हणत नाही. तुझ्यासारखी बहीण असताना म्हणण्याची छाती नाही. पण त्या मुलीला शूर बाई हवी होती, तर तिने आपली नवी करावी. तिला नवे नाव द्यावे, नवा घोडा द्यावा. माझ्या माणसाला लुगडे नेसवून काय मिळवले? दुसऱ्याचे घर तयार आहे म्हणून त्यात शिरून चूल मांडावी, तसे हे झाले.

मार्ग सुचवतो. तिने चार ओळींची माफी लिहावी आणि ती पाने फाडावीत. त्या दिवशीच मी चिंतामणरावांना लिहितो की माझे समाधान झाले, मुलीला ठेवा. म्हणजे तुझेही काम होईल आणि माझेही राहील.

बारावा भाग कधी, असे तू या पत्रात विचारले नाहीस. बरे केलेस.

तुझा
दादा

---

सोलापूर, ता. १५ जानेवारी १९२८

तीर्थस्वरूप वेणूदादास यशोदाचा नमस्कार.

तुझा मार्ग मला पसंत नव्हता, पण तो सोपा होता आणि मुलीचे भले त्यात होते. म्हणून काल मायाक्काला खोलीत बोलावले. गड्ड्याच्या यात्रेमुळे शाळेला सुटी आहे; साऱ्या मुली पाळण्यात बसायला गेल्या होत्या. ही एकटी वसतिगृहाच्या पायरीवर बसून फाटका परकर शिवत होती. आमचे बोलणे झाले तसे लिहिते.

मी विचारले, "पाने फाडशील?"

"न्हाय बाई."

"माफी मागशील?"

"चुकलं असंल तर मागीन की. काय चुकलं, तेवडं सांगा."

म्हणून तुझा प्रश्न तिला विचारला. नवी बाई का केली नाहीस? दुसऱ्याचा नायक का घेतलास?

ती सुई परकरात खोचून म्हणाली, "नवी केली, तर तिला येशीवर कोन अडीवतंय न् कोन सोडतंय, ते कुनाला ठावं? आपुन लिवू तसं. सर्जेरावाचं तसं न्हाय. त्याला अकरा पुस्तकांत समदी दारं उगडत्यात, हे समद्यांस्नी ठावं हाय. म्हनून म्हनलं, त्याच दारात हिला हुबी करू. उगडतंय का बगू."

"मग? उघडले का?"

"उगडलं की. पन त्याला उगडतंय तसं न्हाय. त्याला वळकीनं उगडतंय. हिला कुनी बगिटलंच न्हाय म्हनून उगडलं."

दादा, मी पुण्याला चार वर्षे कॉलेजात काढली. नायक आणि नायिका यांच्यावर परीक्षेत वीस-वीस पाने लिहिली. हा प्रश्न मला कोणी विचारला नाही आणि मलाही सुचला नाही. तिला म्हणाले, "जा, परकर पुरा कर."

लुगड्याबद्दल लिहितोस. गेल्या उन्हाळ्यात येथे नाटक मंडळी आली होती. मिशी काढलेला चाळीस वर्षांचा गृहस्थ शालू नेसून पतीच्या विरहाने रडला आणि तू तीन वेळा टाळ्या वाजवल्यास. मी शेजारी बसले होते. तेव्हा कोणाच्या घरात कोणी चूल मांडली?

तेही राहू दे. तू वही वाचलेली नाहीस. तीस वर्षे कचेरीत काढलीस. कागद न वाचता कधी शेरा मारलास? वही रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, त्या माझ्या खात्यात धर. वाचून मग हरकत घे. तुझी ती हरकत मी स्वतः कमिटीपुढे वाचून दाखवीन.

चौदा दिवस उरले आहेत.

यशोदा

---

माढा, ता. १९ जानेवारी १९२८

चि. यशोदा हीस आशीर्वाद.

वही तीनदा वाचली. दोनदा भिंग घेऊन आणि एकदा, शेवटचे प्रकरण पाठ झाल्यामुळे, भिंगाशिवाय.

प्रथम चांगले सांगतो, कारण ते पुष्कळ आहे. तुझ्या मुलीला गोष्ट सांगता येते. सर्जाक्का दिसायला कशी होती यावर एक ओळ नाही. मी असतो तर दीड पान घातले असते. भुकेचे वर्णन असे केले आहे की मी उठून शेंगदाणे खाल्ले. लखोटा पगडीत लपवण्याऐवजी तिने तो पोराच्या कुंचीच्या अस्तरात शिवला, आणि ते पोर रडू लागल्यावर चौकीदारच म्हणतो, "घेऊन जा गं त्याला, कान किटले." हे वाचून मी मोठ्याने हसलो आणि मग खोकत बसलो. चौथ्या दिवशी ती नदीकाठी एकटी बसून स्वतःच्याच पायाला शिव्या देते. तो परिच्छेद मला लिहिता आला असता तर मी पेन्शन दिली असती.

थट्टा कुठेही नाही. हे मी चिंतामणरावांना केव्हाही लिहून देईन.

पण एका जागी पोरगी फसली, आणि ती जागा साधी नाही.

काजळ्या. माझ्या पुस्तकात सर्जेराव मेंढपाळाचा वेष घेतो. फौजेला मटण हवे असते म्हणून मेंढरांना पेठेत सोडतात. त्या कळपामागून तो आत जातो. घोडा नेता येत नाही. तो काजळ्याला चिंचेखाली बांधतो, त्याच्या कानात काहीतरी सांगतो आणि मागे न बघता जातो. नऊ दिवस घोडा दाण्याला तोंड लावत नाही. सर्जेराव परततो तेव्हा चिंचेखाली काय असते ते तुला ठाऊक आहे. त्या पानावर महाराष्ट्रातली माणसे रडली आहेत. मला अजून पत्रे येतात.

आणि ही मुलगी काय करते? काजळ्याच्या पाठीवर गाडगी, मडकी, घोंगड्या आणि कोंबड्यांचे डालगे लादते आणि त्याला सरळ चौकीवरून आत नेते! शेवटच्या पानावर तो जिवंत आहे आणि दाणे खातो आहे!

हे होऊ शकत नाही. लढाऊ घोडा लपत नाही, यशोदा. त्याची मान, त्याची चाल. वीस वर्षे पागेत काढलेला चौकीदार तो चार पावलांत ओळखील. हा वाचकावर अन्याय आहे. आणि काजळ्या मेला म्हणून माझी गोष्ट उभी आहे. तो इतक्या सोप्या रीतीने आत जाऊ शकत असेल, तर माझ्या पुस्तकात तो मेला कशासाठी?

तेव्हा माझी हरकत कायम आहे. नायकाची बाई केली, ते मी गिळतो. घोड्याचे गिळणार नाही. मुलीला शिक्षा नको असे लिहीन. हरकत नाही असे लिहिणार नाही.

दादा

---

सोलापूर, ता. २३ जानेवारी १९२८

तीर्थस्वरूप वेणूदादास यशोदाचा नमस्कार.

चिंतामणरावांना 'शिक्षा नको' पुरणार नाही. त्यांनी लेखकाची हरकत हा शब्द धरला आहे आणि वकील शब्द सोडत नाही. पण तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न मला रास्त वाटला. होऊ शकते की नाही, हे बसल्या जागी ठरत नाही. म्हणून काल रविवारी सर्व्हिस मोटारीने मायाक्काला घेऊन वळसंगला गेले. तिची आई सध्या तेथे आहे. दरवर्षी या दिवसांत त्यांची मेंढरे तेथल्या पाटलांच्या रानात खतासाठी बसवतात, आणि काल त्यांचा मुक्काम हलायचा होता.

केराबाई माझ्याच वयाची असेल, दिसते साठीची. मी आलेय कशाला, हे मायाक्काने तिला सांगितले. ती कमरेवर हात ठेवून मला खालून वर बघत राहिली.

"घोडं बगाया आलाय व्हय? येवड्या लांबनं? सोलापुरात घोडी न्हाईत का काय?"

"मुक्काम हलताना घोडी कशी जातात ते बघायचे आहे."

"मग ऱ्हावा हितंच. पन मास्तरीणबाई, नुसतं हुबं ऱ्हाऊन चालायचं न्हाय. हे डालगं धरा."

मी डालगे धरले. त्यात सात कोंबड्या होत्या आणि सातही माझ्याविरुद्ध होत्या.

त्यांची रीत अशी. पुरुष मेंढरे घेऊन वेगळे निघतात, चरत चरत. बायका बिऱ्हाड घोड्यांवर लादून रस्त्याने पुढे जातात आणि पुरुष पोचण्याआधी नव्या जागी चूल पेटवतात. तुझ्या पुस्तकात मेंढरे आहेत, पुरुष आहेत. बिऱ्हाड नाही. तुझ्या मेंढपाळांना भाकरी कोण देत होते, हे तू लिहिलेले नाहीस.

तर आम्ही निघालो. पाच घोडी, चार बायका, तीन पोरे आणि मी. गावाच्या शिवेला नाका आहे. तेथे एक शिपाई बाजेवर बसलेला असतो. मेंढरे त्याच वेळी तेथे पोचली होती. त्याने पुरुषांना अडवले. "मेंढरं किती? कुणाच्या रानात बसवणार? चिठ्ठी हाय का?" सिद्धाप्पा म्हणून केराबाईचा दीर आहे, त्याला पंधरा मिनिटे उभे केले. त्याचे मुंडासे सोडून बघितले. आमच्याकडे त्याने एकदा मान वळवली, बाज थोडी मागे ओढून घोड्यांना वाट दिली आणि केराबाईला म्हणाला, "आक्का, कोंबडी इकतीस का?"

"इकत न्हाय. बाईंच्या लाडक्या हायेत त्या," असे म्हणून तिने माझ्याकडे बोट केले.

आम्ही पुढे गेलो. ओढ्यापलीकडे थांबल्यावर मायाक्काने मला विचारले, "बाई, तिसरी घोडी कोन्च्या रंगाची व्हती?"

दादा, मी घोडी बघण्यासाठीच गेले होते. दीड कोस त्यांच्यामागून चालले. मला गाडगी किती ते सांगता आले. काळ्या घोंगड्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होत्या, ते आठवले. एका ओझ्यावर करडू बांधले होते, तेही आठवले. तिसऱ्या घोडीचा रंग मला सांगता आला नाही.

केराबाईने घोंगड्या काढल्या. खाली पांढरी शुभ्र, उंच, कोरीव मानेची घोडी. सिद्धलिंगप्पा पाटलांची शर्यतीची घोडी! दुधनीच्या बाजारात तिला बघायला माणसे जमतात. तिच्या तोंडाला तोबरा बांधला होता, म्हणून मान खाली होती; पाठीवर ओझे होते, म्हणून चाल बदलली होती. मी डालग्यातल्या कोंबड्यांशी झगडत होते तेव्हा केराबाईने पाटलांकडे जाऊन दोन तासांसाठी ती मागून आणली होती. तोच शिपाई रोज सकाळी पाटलांना मुजरा करताना त्या घोडीला थोपटतो.

"पाटलांनी दिली कशी?" मी विचारले.

"म्हनले, ने. पन बाळाप्पा शिपायाचं तोंड बगाया मला बलीव." आणि ती इतकी हसली की तिला खाली बसावे लागले.

मायाक्का हसली नाही. घोडीची मान पुसत ती म्हणाली, "घोडा लपत न्हाय, हे त्यांचं खरं हाय. पन बाईमाणसामागनं कायबी लपतंय."

मी साक्षीदार आहे. कमिटीपुढे, कोर्टापुढे, कुठेही सांगेन. ठराव रविवारी आहे. तुला जे वाटते ते लिही. पण जे वाटते तेच लिही.

डाव्या हाताला कोंबडीने चोचले आहे. टिंक्चर लावले.

यशोदा

---

माढा, ता. २६ जानेवारी १९२८

यशू,

मायना लिहीत नाही. आशीर्वाद देण्याच्या जागी आज मी नाही.

तुझे पत्र सोमवारी संध्याकाळी टाकलेले मंगळवारी मिळाले. दोन दिवस उत्तर लिहिले नाही. पेटी उघडून जुने कागद काढून बसलो होतो. 'निंबगडचा वेढा' ची छापखान्यात गेलेली प्रत माझ्याकडे आहे. तू कॉलेजातून सुटीत आली होतीस आणि तीन आठवड्यांत सारे पुस्तक तुझ्या अक्षरात लिहून दिले होतेस. एकशे सातव्या पानाच्या समासात एक राखी डाग आहे. उजेडात तिरके धरले की अजून वाचता येते. तू शिसपेन्सिलीने लिहिले होतेस: 'घोड्याचे काय?'

मी ते रबराने खोडले.

तुला उत्तर दिले नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हते. घोडा आत कसा न्यावा हे मला सुचले नाही. आठ दिवस डोके खाजवले. छापखानेवाल्याचा तगादा होता. मग मी त्याला चिंचेखाली बांधले, आणि बांधलेल्या घोड्याचे पुढे काय करायचे हेही सुचेना, म्हणून मारला. पुस्तक निघाले, माणसे रडली, पत्रे आली. इतकी आली की ती माझी कलाच होती असे मलाही वाटू लागले. सत्तावीस वर्षे वाटत होते. गेल्या गुरुवारी तुला ताठ पत्र लिहिले तेव्हाही वाटत होते. म्हणजे वाटून घेत होतो.

बारावा भाग अकरा वर्षे अडला आहे, हे तू कधी बोलून दाखवत नाहीस, नुसते 'कधी' एवढेच विचारतेस. दम्याने अडलेला नाही. सर्जेराव दारापुढे येतो आणि दार उघडते. मग मी कागद फाडतो. दार का उघडते, हे त्या मुलीने विचारले. मी अकरा पुस्तकांत विचारले नाही.

सर्जाक्का हे नाव अजूनही मला ताकवालीचे वाटते. एवढे राहू दे. पण वही वाचताना शेवटी शेवटी मी ते नाव वाचत नव्हतो, नुसता तिच्यामागून चालत होतो.

वही परत पाठवत आहे. सोबत कमिटीसाठी पत्र आहे. ते बंद केलेले नाही, तूही वाच. त्यात लिहिले आहे ते असे:

'माझी हरकत होती. ती मी मागे घेत नाही. ती चुकीची होती, असे लिहून देतो. माझ्या पुस्तकातल्या घोड्याला मी आत नेऊ शकलो नाही. कु. मायाक्का हिने त्याला नेले, आणि रीत खरी आहे, याची वळसंग येथे परीक्षा झाली आहे. माझ्या कथेचा कोणी अपमान केला असेल तर तो रबर घेऊन मीच केला. या मुलीला शाळेतून काढल्यास सर्जेराव जासूद हे नाव आपल्या शाळेत पुन्हा वाचले जाऊ नये, अशी माझी विनंती आहे.'

शेवटचे वाक्य धमकीसारखे वाटते का? वाटू दे.

मुलीला एक विचार. बाराव्या भागात सर्जेरावाला पुन्हा निंबगडात शिरायचे आहे. या वेळी मी घोडा बाहेर ठेवणार नाही. त्याने कसे शिरावे?

वेणूदादा

---

सोलापूर, ता. ३० जानेवारी १९२८

तीर्थस्वरूप वेणूदादास यशोदाचा नमस्कार.

काल कमिटी झाली. पाच सभासद होते. चिंतामणराव ठरावाचा मसुदा घेऊन आले होते. मी तुझे पत्र त्यांच्याच हाती दिले आणि मोठ्याने वाचायला सांगितले. त्यांनी वकिली आवाजात सुरुवात केली. 'घोड्याला मी आत नेऊ शकलो नाही' येथे थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मला विचारले, "म्हणजे, काजळ्या... आत गेला?"

मी म्हणाले, "गेला."

"त्या वहीत? मी पुढे वाचलेच नव्हते हो. बाहेर कसा आला?"

"तिला पाठीवर घेऊन. एका रात्रीत."

"आणि जगला?"

"शेवटच्या पानावर दाणे खातो आहे."

एक सभासद कुजबुजले, "अहो, ठरावाचे बघा." चिंतामणराव त्यांच्यावर खेकसले, "थांबा हो! मी चौदा वर्षांचा होतो, दोन दिवस जेवलो नव्हतो त्या घोड्यासाठी." मग पत्र पुरे वाचले. ठरावाच्या कागदाची चौघडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "वही कुठे आहे? मला दोन दिवस हवी. नक्कल नको, मूळ."

एका सभासदाने 'मुलींपुढे असे आदर्श' वगैरे सुरू केले होते. त्यांना चिंतामणरावांनीच गप्प केले. मायाक्काची नादारी सातवी पुरी होईपर्यंत कायम. मी तिला बोलावून सांगितले. तिने "बरं" म्हटले आणि दारापर्यंत जाऊन परत आली. वही वकीलसाहेब कधी देणार, हे विचारायला.

आता पेन्सिलीचे. तुला वाटले असेल की मी विसरले. मला ती ओळ आठवते. छापलेले पुस्तक हाती आले तेव्हा मी प्रथम एकशे सातव्या पानाची जागा शोधली होती. तू खोडलेस, हेही कळले होते. मी गप्प बसले. तू दादा होतास, लेखक होतास. मी नक्कल करणारी होते. दुसऱ्यांदा विचारले नाही. मायाक्काने विचारले, आणि पाने फाडायला नाही म्हणाली. आमच्या दोघींत एवढाच फरक आहे, आणि तो लहान नाही.

तुझ्या पत्राबद्दल एकच सांगते. मुलींना शुद्ध भाषेचा नमुना म्हणून आजवर जे उतारे घातले, त्यांत मी ते पत्र घालणार आहे.

तिचे उत्तर ती स्वतः लिहील. मी तपासणार नाही.

पहाटे ओट्यावर बसतोस तर निदान घोंगडी घे. केराबाईकडून एक घेतली आहे. पार्सलने येईल.

यशोदा

---

सोलापूर, ता. ५ फेब्रुवारी १९२८

रा. रा. वेणीमाधव काका यांस मायाक्का धुळाप्पा हिचा नमस्कार.

आपले पत्र बाईंनी वाचून दाखवले. घोंगडी पोचली असेल. वकीलसाहेबांनी अजून वही दिलेली नाही, म्हणून गोष्टीतले आठवेल तसे लिहिते आहे.

आपण विचारले की सर्जेरावांनी घोड्यासह आत कसे जावे. मी आईला विचारले. आई म्हणाली, जातील की, आमच्या बिऱ्हाडामागून यावे. पुढे चालू नये. पुढे चालणाऱ्याला विचारतात. लुगडे नेसावे आणि मिशी काढावी. पुन्हा उगवते. काजळ्यावर मडकी लादावी, पण दोन्ही बाजूंना सारखी, नाहीतर पाठ सोलते. कोणी काही बोलले तर उत्तर देऊ नये. हे त्यांना जड जाईल, कारण पुस्तकात ते प्रत्येकाला उत्तर देतात.

कोंबड्यांचे डालगे मात्र त्यांनाच धरावे लागेल. हात रिकामे असलेली बाई कोणी खरी मानत नाही. त्यांना तलवार येते, भाला येतो, पोहणे येते. डालगे येते का, हे अकरा पुस्तकांत कोठेही लिहिलेले नाही. बाईंना पहिल्या दिवशी आले नव्हते.

म्हणून आई म्हणते, बारावा भाग लिहिण्याआधी त्यांना आठ दिवस आमच्या बिऱ्हाडावर पाठवा. शिकवू. आपण आलात तरी चालेल.

मायाक्का